गाडी लागते तसं गाणंही लागतं

कोल्हापूरचा रंकाळा मागे टाकून फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण असा गगनबावड्याचा रस्ता धरला की पन्नासेक किलोमीटर कुणाला काही होत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, वडापमध्ये (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये) गाणी चालू, गप्पा चालू. बावडा मागे पडतो, करूळ घाटाची पहिली दोन-चार वळणं होतात आणि मागच्या सीटवरून कुणीतरी पिशवी मागतं. गाडी लागली. आपला हा शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. दृष्ट लागते, ठेच लागते, तशी गाडी लागते. बाहेरून येऊन अंगाला चिकटते.

त्या वळणांवर स्पीकरमधून जे गाणं चालू होतं, ते सहा महिन्यांनी राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर कानावर येतं. पाय जमिनीवर, हातात चहा, घाट पन्नास-साठ किलोमीटर लांब. तरी दोन ओळी होईपर्यंत चहा नकोसा वाटतो, कानशिलाला गार घाम फुटतो, तोंडात पातळ लाळ जमते. हे गाणं लागणं.

लाळेवरून ओळख पटते. मिसळीचा कट बघून तोंडाला पाणी सुटतं ते वेगळं आणि उलटीच्या आधी सुटतं ते वेगळं. दुसरं पातळ असतं, भराभर येतं आणि गिळवत नाही. पोटातलं आम्ल वर आलं तर दात वाचावेत म्हणून शरीराने केलेली ही आधीची तयारी. गाणं ऐकून ही लाळ येत असेल, तर शरीराने उलटीची तयारी खरोखर सुरू केलेली असते. ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नको’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं. निरोगी माणसाच्या जठराचे स्नायू मिनिटाला साधारण ३ लाटांच्या ठेक्यावर हलतात. मळमळताना हा ठेका बिघडून ४ ते ९ पर्यंत जाऊ शकतो, आणि पोटावर इलेक्ट्रोड लावून तो मोजताही येतो. ठेका चुकलेला असतो तो पोटाचा, गाण्याचा नव्हे.

आता यातलं कोडं. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५५ मध्ये दाखवलं की उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्सर्गाने आजारी पाडलं, तर ते पुढे त्या गोड पाण्याला तोंड लावेनासे होतात. एका वेळचा अनुभव पुरतो, आणि चव व आजार यांच्यात काही तासांचं अंतर असलं तरी चालतं. १९६६ मध्ये त्याने आणि रॉबर्ट कोलिंग याने पुढचा प्रयोग केला. उंदराने नळीला जीभ लावली की दिवा लखलखायचा, खटका वाजायचा आणि पाणी चवीचं असायचं, तिन्ही एकदम. काही उंदरांना नंतर आजारी पाडलं, काहींना पायाला विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी चव टाळली, पण दिवा आणि आवाज असलेलं साधं पाणी खुशाल प्यायले. झटका खाल्लेल्यांनी उलट केलं: दिवा आणि आवाज टाळला, चवीला काही म्हणाले नाहीत. सारांश, पोटाचा दोष चवीवर जातो आणि कातडीच्या दुखण्याचा दोष आवाजावर.

या हिशोबाने गाणं लागायलाच नको. लागतं, कारण गाणं सहसा एकटं नसतं. त्याच्या पाठीमागे दोन वाटा असतात असं माझं मत आहे, आणि आपली वाट कोणती हे आधी शोधलं नाही तर पुढचे सगळे उपाय वाया जातात.

पहिली वाट वासाची. वडापमध्ये डिझेल, तापलेलं रेक्झिन आणि डॅशबोर्डवरच्या सेंटच्या बाटलीचा उग्र गोडसर वास असतो. पोट खरं चिडलेलं असतं त्या वासावर, आणि गाणं नुसतं त्याची आठवण काढतं. याचं आपल्याकडचं झकास उदाहरण म्हणजे उसाचा हंगाम. कारखाने सुरू झाले की हवेत मळीचा आंबूस वास, आणि रस्त्याने ट्रॉल्या ओढत चाललेले ट्रॅक्टर, मोठमोठ्याने गाणी लावून. ज्याला मळीचा वास सोसत नाही त्याला चार महिन्यांत ती गाणीही सोसेनाशी होतात. सकाळची घंटागाडी त्याच जातीची. उपाशी पोट, तोंडात दात घासायचा ब्रश (घशाला लागला की तसाही उमासा येतो), खिडकीतून कचऱ्याचा वास आणि रोज तीच धून. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही जुळणी फार घट्ट बसते. उलट्या बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, नवव्याच्या सुमारास सगळ्यात वाईट असतात आणि विसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींच्या थांबतात. या काळात घरात रोज ठरल्या वेळी जे वाजेल, मग ते मालिकेचं शीर्षकगीत का असेना, ते पुढे वर्षानुवर्षं पोटात ढवळू शकतं. वेळ बदलता येत नसेल तर खिडकी लावा आणि दात घासणं घंटागाडी येऊन गेल्यावर करा. एवढ्यानेही त्या चार गोष्टींची गाठ सुटायला लागते.

दुसरी वाट भीतीची. आवाज भीतीशी पटकन जोडला जातो, आणि भीती पोट बिघडवते. ज्या अलार्मच्या धूनवर रोज पहाटे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या नकोशा पाळीला उठायचं, ती धून दुसऱ्याच्या फोनवर वाजली तरी पोटात गोळा येतो. इथं वास नाही, चव नाही. अर्धवट झोपेतली धडधड आहे.

वाट ओळखायला घरच्या घरी एक चाचणी करता येते. कागदावर ० ते १० अशी मोजपट्टी धरायची: ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे आत्ता उलटी होणार. मग चार गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, जेवणानंतर दोनेक तासांनी करायच्या. गाण्याचे शब्द नुसते वाचायचे. चाल स्वतः गुणगुणायची. मूळ गाणं फोनवर हळू आवाजात वीस सेकंद ऐकायचं. आणि गाणं अजिबात न लावता संशयित वास घ्यायचा: बंद गाडीत पाच मिनिटं बसा, किंवा स्पिरिटचा बोळा हातभर लांब धरा. प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. वासाचा आकडा गाण्यापेक्षा मोठा आला तर गाण्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही. आधी वास सोडवायला हवा. गुणगुणताना काही होत नाही पण मूळ ध्वनिमुद्रण लागताच आकडा चढतो, असं फार वेळा दिसेल. शरीराने चाल धरलेली नसते. धरलेला असतो तो सुरुवातीचा ठोका, एखादा बासचा धक्का, एखाद्या गळ्याचा पोत.

ध्वनिमुद्रणाचा हा दोष खास त्याचाच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते त्या काळच्या कोल्हापुरात कुठलंही गाणं दोनदा सारखं निघत नसे. आलाप आज वेगळा, उद्या वेगळा, समेवर यायची तऱ्हा निराळी. पोटाला धरून ठेवण्यासारखी खूण सापडणार कुठून? वडापमधलं गाणं मात्र शंभरदा वाजवलं तरी पहिल्या सेकंदापासून तेच आणि तसंच असतं, औषधाच्या बाटलीवरच्या लेबलासारखं.

कोणतं गाणं लागेल, यातही नियम आहेत. शेकडो वेळा बऱ्या अवस्थेत ऐकलेलं जुनं गाणं सहजी बिघडत नाही. आधीच्या ओळखीने नवी जोडणी मंदावते, हे ल्युबो आणि मूर यांनी १९५९ मध्ये दाखवलं आणि नंतर वारंवार खरं ठरलं. सगळ्यात पटकन लागतं ते पहिल्यांदाच ऐकलेलं, लक्षात राहणारं गाणं. दुसरा नियम क्रमाचा. मळमळ चढण्याच्या आधी आणि चढत असताना जे वाजतं ते चिकटतं. उलटी होऊन गेल्यावर, पोट हलकं होताना जे वाजतं ते बहुधा चिकटत नाही. कधी कधी तर त्याची सुटकेशी सांगड बसते. म्हणून घाटात आवडतं गाणं वरून खाली जाताना लावायचं नाही. खाली वैभववाडीच्या बाजूला उतरून, तोंड धुऊन, दहा मिनिटं उभं राहिल्यावर लावायचं.

गाडीच लागली नाही तर गाणंही लागत नाही, म्हणून घाटाची तयारी थोडक्यात. पुढच्या सीटवर, तोंड पुढे करून बसा. वडापच्या मागच्या आडव्या बाकड्यावर नको, कारण तिथं कान एक हालचाल सांगतात आणि डोळे दुसरी. नजर लांबच्या डोंगराच्या कडेवर. मोबाईल खिशात. उपाशीपोटी निघू नका आणि तांबडा-पांढरा ओरपूनही निघू नका. दोन भाकरीच्या जागी अर्धी. एवोमिनची २५ मिलिग्रॅमची गोळी (प्रोमेथाझिन थिओक्लेट) निघण्याआधी तासभर ते दोन तास घ्यावी लागते. वळणं सुरू झाल्यावर गिळली तर ती पिशवीतच जाते. गुंगी येते, त्यामुळे नंतर दुचाकी चालवायची नाही. लहान मुलं आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारूनच.

आता सगळ्यात अवघड जागा: केमोथेरपी. जिल्ह्यातल्या गावांतून रुग्ण शहरात येतो तो अर्धा दिवस मोडून. पहाटे उठणं, एसटी किंवा वडाप, रांग, स्पिरिटचा वास, सुई, सलाईन. तिसऱ्या-चौथ्या सायकलपर्यंत (केमोच्या एका फेरीला सायकल म्हणतात) काहींना औषध नसेत जायच्या आधीच मळमळायला लागतं. कुणाला हॉस्पिटलच्या पायरीवर, कुणाला घरून निघतानाच. मळमळीवरची आजची चांगली औषधं येण्याआधी चौथ्या सायकलपर्यंत साधारण पाव रुग्णांची ही गत व्हायची. आता प्रमाण कमी झालंय, संपलेलं नाही. आणि इथं ऐकलेली गाणीही जायबंदी होतात, कारण वेळ जायला म्हणून माणूस नेमकी आपली सगळ्यात लाडकी गाणी कानात घालून बसतो.

घरच्यांनी तीन गोष्टी जपाव्यात.

पहिली, काळाचा हिशोब. केमोची मळमळ दोन हप्त्यांत येते. एक पहिल्या २४ तासांत, दुसरी २४ तासांनंतर पाचव्या दिवसापर्यंत. सिस्प्लॅटिनसारख्या औषधात दुसरा हप्ता ४८ ते ७२ तासांच्या सुमारास जोर धरतो. लोक हॉस्पिटलमधल्या गाण्याची काळजी करतात आणि तिसऱ्या दिवशी घरी, अंथरुणावर पडल्या पडल्या, रेडिओ लावून देतात. खरं नुकसान तिथं होतं. सायकलचा दिवस धरून पाच-सहा दिवस लाडकी गाणी कपाटात. चुकून वाजलंच एखादं, तर मधेच घाबरून बंद करायची गरज नाही. ती धावपळच खूण बनते.

दुसरी, बळीचं गाणं. आयलीन बर्नस्टाईन यांनी १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका निराळ्या चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर ती मुलं तेच आइस्क्रीम नाकारू लागली. पुढच्या कामात जेवण आणि केमोच्या मधे एक अनोळखी चवीची गोड गोळी चघळायला दिली. दोष त्या गोळीवर गेला, जेवण बऱ्याच अंशी वाचलं. हा पुरावा चवीचा आहे, गाण्याचा नाही, हे मान्य. पण तत्त्व वापरून बघायला खर्च येत नाही. सलाईन चालू असताना ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं काहीतरी कानात घाला: परक्या भाषेतलं वाद्यसंगीत, क्रिकेटचं जुनं समालोचन, किंवा दर वेळी नवं काहीतरी. एकच एक धून प्रत्येक सायकलला लावू नका. गाणी फिरवत ठेवली की दोष वाटला जातो. आणि नामस्मरण किंवा अंबाबाईची आरती हा ज्यांचा आधार आहे त्यांनी ती सुईच्या वेळी लावण्याआधी विचार करावा. ते पाच-सहा दिवस सरल्यावर, बरं वाटत असेल तेव्हा लावावी.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: पहिल्याच सायकलला उलट्या झाल्या तर त्या दिवशीच डॉक्टरांना सांगणं. आपल्याकडे ‘केमो म्हटलं की उलट्या होणारच’ म्हणून सोसायची रीत आहे. पहिल्या सायकलला मळमळ झालीच नाही तर पुढची जोडणी तयार व्हायला कच्चा मालच उरत नाही. ओंडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट, ओलांझापिन अशी मळमळीवरची औषधं वेगवेगळ्या जुळणीने देता येतात आणि कमी पडली तर पुढच्या वेळी वाढवता येतात. उलट, एकदा हॉस्पिटल दिसताच मळमळायला लागलं की मग हीच औषधं तिथं फारशी चालत नाहीत, कारण ती मळमळ केमोने आलेली नसून आठवणीने आलेली असते. अशा वेळी डॉक्टर कधी कधी आदल्या रात्री आणि सकाळी लोराझेपामसारखी गोळी देतात. तिच्या जोडीला, किंवा तिच्याऐवजी, पुढची पद्धत येते.

या पद्धतीचं मूळ जोसेफ वोल्पे यांचं, १९५८ चं. भीती घालवण्यासाठी बसवलेली. १९८२ मध्ये गॅरी मॉरो आणि सहकाऱ्यांनी ती केमोच्या आधीच्या मळमळीवर वापरून दाखवली. गाण्यासाठी ती अशी बसवता येते.

आधी आठवडाभर गाणं सोडून फक्त श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, रोज पाच मिनिटं. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. हे अंगवळणी पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवशिका मळमळ चढल्यावर खोल श्वास घ्यायला जातो, भराभर घेतो, आणि हाताला मुंग्या येऊन आणखी घाबरतो.

मग शिडी. गाण्याचं नाव कागदावर लिहिणं ही खालची पायरी. त्यावर शब्द वाचणं, मग गुणगुणणं, मग घरातल्या कुणीतरी शिट्टीवर किंवा पेटीवर वाजवणं. पेटीवर वाजलेली चाल हा मधला उत्तम टप्पा आहे: ओळख तीच, पण मूळ ध्वनिमुद्रणातला ठोका आणि गळा नाही. त्यानंतर मूळ गाणं, पण शेजारच्या खोलीत, दहा सेकंद. मग तीस सेकंद. मग त्याच खोलीत पूर्ण. हेडफोन त्याच्याही वर, कारण बास आणि आवाज थेट डोक्यात येतो आणि पळायला जागा राहत नाही. सगळ्यात वर, उभ्या गाडीत बसून तेच गाणं, आणि शेवटी चालत्या गाडीत, सरळ रस्त्यावर. घाट या शिडीत नाही.

सुरुवात त्या पायरीपासून जिचा आकडा ३ च्या आसपास आहे. तुकडा लावायचा, थांबवायचा, दोन-तीन श्वास, आकडा लिहायचा, पुन्हा लावायचा. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी. चार-सहा आवर्तनं लागतात. लागोपाठ दोन दिवस १ किंवा खाली राहिला की वरची पायरी. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला चार-पाच बैठका, जेवणानंतर दोन तासांनी. उपाशीपोटी नाही, रिकामं पोट आधीच अर्धं मळमळत असतं.

बिघडतं कुठं, ते सांगतो. आकडा ६-७ वर चढला की माणूस फोन फेकून उठतो. शरीर त्यातून एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी गाणं आणखी जोरात लागतं. असं झालं तर बंद न करता एक पायरी खाली उतरायचं. आवाज कमी करायचा, खोलीच्या दारापर्यंत जायचं, पण आकडा थोडा तरी खाली आल्यावरच थांबायचं. दुसरी चूक वेलदोड्याची. तोंडात वेलदोडा किंवा लिंबाची फोड ठेवून सराव केला की श्रेय वेलदोड्याला जातं. आणि एखाद्या वाईट दिवशी वेलदोडाच लागतो, म्हणजे गाण्याबरोबर बासुंदीही गेली. गार्सियाचे उंदीर विसरू नका: चव लगेच अडकते. त्याच कारणाने ‘गाणं लावून आवडीचं खाऊ घाला’ हा घरोघरचा सल्ला मला पसंत नाही. गोड आठवण जोडायचीच असेल तर चवीऐवजी चालणं जोडा, संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने, सोबत कुणीतरी बोलणारं. तिसरी चूक दर दोन सेकंदाला पोटाची चौकशी. ‘येतंय का, येतंय का’ म्हणून पोटाकडे कान लावला की साधी गुडगुडही मळमळ वाटते. आकडा विचारायची वेळ ठरलेली असावी, तुकडा संपल्यावर. तुकडा चालू असताना गाण्यातलं एक वाद्य निवडून तेवढ्याच्या मागे जावं.

आणि एक गोष्ट जी न सांगितल्यामुळे लोक अर्ध्यात सोडतात. आठ-दहा दिवस खंड पडला की संपलेली मळमळ थोडी परत येते. पावलोव्हच्या कुत्र्यांच्या लाळेतही हेच दिसलं होतं. जुनी जोडणी पुसली जात नाही, तिच्यावर नवी चढते, आणि नवी जागेला बांधलेली असते. घरात शांतपणे ऐकता येणारं गाणं मंडईत ऐकल्यावर पुन्हा ढवळू शकतं. म्हणून शेवटचे दोन आठवडे जागा बदलत राहायचं. गच्ची, दुकान, दुसऱ्याचा फोन, दुसरा स्पीकर. परत आलेला आकडा पहिल्यापेक्षा लहान असतो आणि लवकर उतरतो. सराव चालू असताना खरंच जुलाब-उलट्या झाल्या, तर बरं होऊन चार दिवस जाईपर्यंत गाणं बंद, आणि नंतर दोन पायऱ्या खालून सुरुवात. केमो चालू असलेल्यांनी आणि उलटीच्या त्रासाने वजन उतरलेल्यांनी हे एकट्याने न करता डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावं.

आता जे गाणं लागणं नव्हे ते. एकाच गाण्याने होत असेल तर वरचं सगळं लागू. कुठल्याही मोठ्या आवाजाने भोवळ येऊन मळमळत असेल, स्वतःचाच आवाज कानात घुमत असेल, डोळे फिरवल्याचाही आवाज ऐकू येत असेल, तर दोष आतल्या कानाचा असू शकतो. आवाजाने भोवळ येण्याच्या या प्रकाराला पिएत्रो तुलिओ यांचं नाव आहे, आणि तोल सांभाळणाऱ्या वरच्या नलिकेवरच्या हाडाला पडलेलं भोक हे त्याचं एक कारण लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये मांडलं. कान-नाक-घसा तज्ज्ञ त्यासाठी कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन सांगतात. अर्धशिशीत आवाज, उजेड आणि वास तिन्ही नकोसे होतात. गाणं कोणतं याला महत्त्व नसतं. आणि एक फार दुर्मीळ पण चुकवू नये असा प्रकार: ठरावीक गाण्याने पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं होतं, पाठोपाठ नजर स्थिर होते, ओठ चाळवतात, मिनिट-दोन मिनिटांचं काही आठवत नाही. ही संगीताने येणारी फिट असू शकते. मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये अशा रुग्णांवर लिहिलं आहे. इथं शिडीचा सराव करायचा नाही. शेजारच्याने मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचा.

डॉल्बीचं प्रकरण स्वतंत्र. विसर्जन मिरवणुकीत भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांपुढे छातीत धडका बसतात, पोट हलतं, उभं राहवत नाही. ही आठवण नव्हे, हा थेट मार आहे. ८५ डेसिबलला आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा कामगारांसाठीचा सुरक्षित हिशोब आहे. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत. फोमचे बोळे घालणार असाल तर ते बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरा. नुसते कानात खोचले तर काही उपयोग नाही. नीट बसवले तरी ते जास्त करून वरच्या पट्टीचा आवाज अडवतात. बास अंगातून शिरतो, त्याला बोळा नाही, अंतरच लागतं. आणि अशा मिरवणुकीत मळमळलेलं गाणं नंतर घरात लागायला लागलं, तर ते वरच्या शिडीचं गिऱ्हाईक झालं असं समजावं.

प्रत्येक गाणं सोडवलंच पाहिजे असं नाही. महिनाभराची मेहनत आहे ती. घंटागाडीची धून रोज वाजणार, तिला सोडवावं लागेल. लग्नात वाजलेलं, आजीने म्हटलेलं, ते सोडवावं. वडापमधलं कुठलं तरी चार दिवसांचं गाणं मात्र लागलं तर लागू दे. पुढच्या हंगामात ते वडापवालाही वाजवणार नाही. त्यापेक्षा बावड्याला गाडी थांबते तेव्हाच खाली उतरून पुढच्या काचेपाशी जावं आणि सांगावं, ‘मामा, घाट उतरेपर्यंत तेवढं बंद ठेवा की.’ नाही ऐकलं, तर ‘मागं पिशव्या संपल्यात’ एवढं म्हणावं. बंद होतं.